दवाखान्याच्या ठरावाला माझा हात वर गेला नाही

आधीच सांगते, करणी, भानामती, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. तेव्हा मानत नव्हते, आजही मानत नाही. माझं माहेर घाटनांदूरचं. वडिलांचं किराणा दुकान, घरात रोजची शिवपूजा — पण जत्रेत कुणाच्या अंगात आलं की वडील हळूच म्हणायचे, "बघ, उद्या हीच बाई खोबऱ्याच्या भावावरून माझ्याशी भांडंल." अशा घरात वाढले मी.

इथं लोक घाटातल्या बाईचे, पिंपळाखालच्या सावलीचे अनुभव लिहितात. आवडीनं वाचते. पण माझ्या बाबतीत जे घडलं ते भर दुपारी घडलं... डोक्यावर ट्यूबलाईट, गरगरणारे पंखे, नगरपालिकेचं सभागृह, आणि समोर गावातले सगळे पुढारी. ते आठवलं की मला भीती वाटत नाही. राग येतो. इतक्या वर्षांनी पण येतो, म्हणून लिहायला बसले.

बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नाव लिहीत नाही, कारण त्यातली बरीचशी मंडळी अजून स्टेजवर हार घालून घेतात. वेस म्हणून एक जागा होती — वेस कधीच पडलेली, नाव राहिलेलं. तिथून आत आलं की डाव्या हाताला निजामाच्या काळातली कचेरी, तिच्या पाठीला पोलीस ठाणं, समोर बाजाराचं मैदान आणि मैदानाच्या कडेला काळ्या दगडाचा नगरपालिकेचा दवाखाना. तीन खोल्या, पुढं व्हरांडा. डॉक्टर कधी असायचे, कधी नसायचे. पण नर्सबाई कायम असायच्या, आणि बाळंतपणाची एक खोली होती. माझी धाकटी तिथंच झाली. नदीला पाणी होतं, जिल्ह्याचा रस्ता बंद होता. तो दवाखाना नसता तर काय झालं असतं, ते मी तेव्हा मुद्दाम मनात येऊ दिलं नव्हतं.

त्या इमारतीची गोष्ट मला सासऱ्यांनी सांगितली. त्यांना मी मामा म्हणायचे. ते म्हणायचे, "सुमन, निजामाच्या राज्यात हितं सरकारी इमारती दोनच. एक वसुलीची, एक मारायची. राज्य गेलं तवा गावानं पहिल्यांदा मागितलं ते हे. सरकार म्हणलं, दगड कुठाय? मग पडलेल्या वेशीचा दगड लोकांनी आपापल्या बैलगाडीत घालून आणला. मी पण आणला." दवाखान्यानंतर शाळा झाली. मग वाचनालय. मग नळ. एक एक करून गावाला गावपण आलं.

आणि आमच्या काळात ते उलट्या क्रमानं खाल्लं गेलं. नळाला पाणी येईना, त्याची कुणाला लाज वाटेना. वाचनालयाची पुढची भिंत पाडून दुकानं काढली. शाळेचं मैदान कापून गाळे बांधले. पोरं गाळ्यांच्या मागं, मुतारीशेजारी प्रार्थना म्हणायची. ते दिवसच तसे होते. नव्वदनंतरची वर्षं. रंगीत टीव्ही, एसटीडी बूथ, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द — कॉम्प्लेक्स. गावाची प्रगती म्हणजे कॉम्प्लेक्स.

त्याच सुमारास बायकांचं आरक्षण आलं. आमच्या वॉर्डाच्या सोडतीत चिठ्ठी निघाली — महिला. आमच्या ह्यांनी उभं राहायची सगळी तयारी केली होती. कापडाचं दुकान, चार लोकांत ऊठबस. चिठ्ठी निघाल्यावर दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "फोटो काढून ये." पोस्टरवर माझा फोटो लहान, ह्यांचा मोठा. निवडून आले मी, हार पडले ह्यांच्या गळ्यात. नगरपालिकेत शिपायापासून नगराध्यक्षापर्यंत सगळे ह्यांना "नगरसेवक साहेब" म्हणायचे आणि मला वहिनी.

सभागृहात आम्हा बायकांना कडेचं एक लांब लाकडी टेबल होतं. माझ्या शेजारी रझिया आपा बसायच्या, बागवान गल्लीच्या नगरसेविका. आमचे नवरे मागच्या खुर्च्यांवर. खरं तर सभासदांशिवाय कुणी बसायचं नसतं. पण बोलणार कोण?

त्या दिवशी सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "आज दवाखान्याचा विषय हाय. पाडून कॉम्प्लेक्स करायचंय. मी खोकलो की हात वर करायचा."

मी म्हटलं, "मग दवाखाना कुठं जाणार?"

"जिल्ह्याला हाय की मोठा."

"बाई अडली तर जिल्ह्याला कशी न्यायची?"

"तुला कावून पंचायती? कोपऱ्यावरचा गाळा आपल्याला द्यायचं ठरलंय. दोन्ही रस्त्यांना तोंड. लई नशीब लागतंय त्याला."

मामा आतल्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं असणार. ते काही बोलले नाहीत. त्यांचाही मला राग आहे.

आता नीट सांगते. मी काही ठरवून गेले नव्हते. विरोध करायचा, बंड करायचं, असलं काही डोक्यात नव्हतं. वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून आपण काय करतो? खोकला ऐकला की हात वर करणार होते.

नगराध्यक्षांनी ठराव वाचला. विरोधी बाजूनं आरडाओरडा झाला. मग ते म्हणाले, "बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत." पुरुषांचे हात वर गेले. मागून खोकला आला. माझा उजवा हात टेबलावर होता, उघड्या लाकडावर. मी तो उचलायला गेले...

आणि कुणीतरी माझं मनगट धरलं.

मुंग्या आल्या, बधिर झालं, असलं काही नव्हतं. हात होता तो. माणसाचा. ओलसर, कोमट, आत्ताच धुऊन आल्यासारखा. तळवा खरखरीत. बोटं घट्ट आवळलेली, पण दाबून दुखवणारी नव्हती. मी खाली बघितलं. टेबल, माझ्या बांगड्या, माझा हात. दुसरं काही नाही. पण बोटांच्या जागी माझी कातडी दबलेली दिसत होती. मला दिसत होती!

मागून पुन्हा खोकला. मी कोपर उचललं. कोपर उठलं, मनगट नाही. रझिया आपा कुजबुजल्या, "क्या हुवा भाभी?" मी म्हटलं, "हात उठेना." त्यांनी माझ्या मनगटाखाली बोटं घालून बघितली, चेहरा पांढरा पडला, आणि त्यांनी स्वतःचा वर गेलेला हात पण खाली घेतला.

हे उठून आले. सगळ्या सभागृहासमोर. "हात वर कर."

"होत न्हाई ओ. कुणीतरी धरलंय."

"नाटकं करू नको!" म्हणत ह्यांनी माझा दंड धरला आणि ओढला.

सभागृह हसलं. नगराध्यक्ष माईकवर म्हणाले, "साहेब, वहिनींना घरूनच समजावून आणायचं असतंय." आणखी हसणं. ह्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. बांगडी फुटली, काच घुसली, रक्त आलं. कुणीही म्हणालं नाही की अहो, त्या बाईला सोडा. मुख्याधिकारी फाईलमध्ये बघत होते. या लेखाला अमानवीय अनुभव म्हणायचं असेल तर माझ्या मते तो इथं सुरू होतो. एका निवडून आलेल्या बाईचा हात तिचा नवरा भर सभेत उपटून काढतोय आणि लोकांना हसू येतंय.

मग ह्यांनी पाय रोवून जोर लावला — आणि टेबल सरकलं. ते लांब, जड टेबल माझ्या मनगटाबरोबर फरशीवर कर्रर्र करत सरकलं. माझ्या बोटांनी टेबल धरलेलं नव्हतं, ती पसरलेली होती. पलीकडच्या बायका ओरडून उठल्या. हसणं थांबलं. ह्यांनी हात सोडला आणि दोन पावलं मागं गेले. दारातल्या शिपायानं चपला काढून हात जोडले. "देवी हाय... देवी हाय."

ठरावाला मत कमी पडलं. नगराध्यक्षांनी घाईघाईत सभा तहकूब केली, आणि ते "तहकूब" म्हणाले त्याच क्षणी माझं मनगट सुटलं. इतकं अचानक सुटलं की हात माझ्याच तोंडावर आला.

पुढचा महिनाभर मला जे भोगावं लागलं ते त्या टेबलापेक्षा वाईट. गावातल्या बायका खणा-नारळानं ओटी भरायला दारात. ह्यांनी आधी आमच्या मठाच्या स्वामींना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, हिला काही झालेलं नाही. मग जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते माझ्याशी न बोलता ह्यांच्याशी बोलले. म्हणाले, "बायकांना होतं असं टेन्शननं," आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. नगराध्यक्षांची माणसं सांगत सुटली, विरोधकांनी फोडली. कुणी म्हणालं, मेलेल्या नर्सबाईनं येऊन हात धरला. अहो, नर्सबाई जिवंत होत्या! रिटायर होऊन परळीला मुलाकडे राहात होत्या.

देवी, नर्स, टेन्शन, विरोधक. ज्याला त्याला कारण सापडलं. पण एका माणसानं, एकानंही मला विचारलं नाही — "तुमचं काय मत आहे, दवाखाना पाडावा का?"

आणि मग मला त्या हाताचाही राग आला. एका दुपारी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसले. बाजाराचा दिवस होता, खेड्यावरच्या बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. मी हळूच, पण आवाज काढून म्हटलं, "नवऱ्यानं ओढायचा आणि तू धरायचा. हात माझा हाय का न्हाई? मला इचारायचं तरी." काही झालं नाही. शेजारची बाई म्हणाली, "बाई, तुमी नंबर लावला का? न्हाईतर सरका तिकडं." सरकले. पण तिथं बसून, त्या बायका बघून, माझं ठरलं.

ठराव पुन्हा आला. घरातून निघताना हे म्हणाले, "आज हात वर आला न्हाई तर तशीच घाटनांदूरला जायचं. घरी यायचं न्हाई."

तेच टेबल, तीच जागा. मी उजवा हात मुद्दाम तिथंच ठेवला. खरं सांगते, मी वाट बघत होते. धर, म्हटलं. आता धर. कारण धरला असता तर सोपं झालं असतं, घरी सांगता आलं असतं, मी काय करू...

खोकला आला. मनगटावर काही नव्हतं. हात इतका हलका होता की नुसत्या सवयीनं वर गेला असता.

मी तो खालीच ठेवला. मीच. वरून डावा हात ठेवला. शेजारी रझिया आपांचा हात पण टेबलावरच होता. मागं त्यांचे मालक दात खात होते.

ठराव मंजूर झाला. मधल्या काळात विरोधातले काही जण गाळ्यांच्या आशेवर तिकडं गेले होते. आमचे दोन हात खाली राहिले, त्यानं कागदावरसुद्धा फरक पडला नाही. दवाखाना पडला. वेशीचा दगड ट्रॅक्टरनं कुणाच्या तरी मळ्यात गेला. मी घाटनांदूरला गेले. वडिलांनी दोन महिने ठेवून घेतलं, मग मामा स्वतः न्यायला आले. ह्यांना कोपऱ्यावरचा गाळा मिळाला. आणि पहिल्याच वर्षी आमच्या मागच्या गल्लीतली कुंभाराची सून जिल्ह्याला नेताना जीपमध्ये, घाटात गेली. पोटातल्यासकट. तिच्या मयतीला नगराध्यक्ष आले होते. त्यांनी भाषण केलं.

हे सगळं मी मनातच ठेवलं होतं. गेल्या वर्षी रझिया आपांच्या नातीच्या लग्नाला गेले, तेव्हा आम्ही दोघी मांडवाच्या मागं बसून पहिल्यांदा यावर बोललो. मी म्हटलं, "आपा, दुसऱ्या खेपेला मला कुणी धरलं नव्हतं."

त्यांनी पानाला चुना लावला आणि म्हणाल्या, "मालूम है. मेरा पकडा था."

मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं.

"और मैं उठानेवालीच नई थी!" आपा एकदम चिडून बोलल्या. "घर से सोच के आयी थी, मर जाऊंगी लेकिन हात नई उठाऊंगी. फिर बी पकड के बैठा. मेरे पे भरोसा नई था क्या उसको?"

आम्ही दोघी हसलो, मग रडलो. पण तेव्हापासून झोप लागत नाही.

खाली कॉमेंटमध्ये तुम्ही लिहाल की शीर आखडली असेल, दोघींच्या मनाचा खेळ असेल. लिहा. टेबल कसं सरकलं तेवढं पण लिहा. माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही. ते कोण होतं, बाई की बुवा, त्या दगडातलं की आमच्यातलं, काही माहीत नाही. मला एवढंच विचारायचंय, आणि उत्तर असेल तर खरंच सांगा. दोन्ही वेळा त्या सभागृहात ढिगानं पुरुष बसले होते. पांढऱ्या बाह्यांतले त्यांचे हात सरसर वर गेले. त्यातला एकही त्याला धरता आला नाही?