स्टॉकहोमला नेलेला कोट

हिवाळ्यात ड्रेस्डेनहून उत्तरेकडे जाणारी मराठी मुलं हल्ली माझ्याकडे सल्ला मागायला येतात. मी त्यांना एक पान लिहून देते. त्यातलं पहिलं वाक्य असं : चांगला कोट नसेल तर मागून घ्या. आमच्या प्रयोगशाळेतल्या एक मराठी ताई ते वाचतात आणि दर वेळी हसतात. "हे तू लिहितेस? तू?"

त्यांचं हसणं रास्त आहे.

माझं लहानपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. बाबा ती लिहायचे, विहारामागच्या खोलीत छापायचे आणि आम्ही भावंडं वस्तीत वाटायचो. एका पत्रकाचा मथळा मला अजून पाठ आहे : उतरलेला कपडा अंगावर घेऊ नका. आमच्या पणजीनं गावातल्या दारांसमोर उभं राहून जुनी लुगडी घेतली होती. ती हातात दिली जात नसत, वरून टाकली जात. म्हणून आमच्या घरी कपडे मोजकेच असत, पण आमचे स्वतःचे. शाळेतल्या मैत्रिणीच्या आईनं दिलेला फ्रॉक मी परत करून आले, त्या दिवशी बाबांनी मला पेढा आणला होता.

डॉक्टरेटच्या पहिल्याच हिवाळ्यात मला स्टॉकहोमला जायचं होतं. तिथल्या एका संस्थेत अर्ध्या तासाचं भाषण होतं. त्यांना पटलं तर सहा महिने त्यांच्या यंत्रावर काम करायला मिळणार होतं. नाही पटलं तर माझा प्रबंध होता तिथेच अडकणार होता. अंगावर घालायला माझ्याकडे पुण्याहून आणलेलं जाकीट होतं. ताईंनी ते दोन बोटांत धरून पाहिलं.

"अगं, हे पुण्यात स्कूटरवर ठीक आहे. तिथे दहा मिनिटं बसची वाट पाहिलीस तर भाषणाला तोंड उघडणार नाही. कुणाचा तरी कोट घे."

"मी कुणाचे घातलेले कपडे घालत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग थंडीला तुमचं पत्रक वाचून दाखव."

त्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी मला खाली बोलावलं. सत्तरीच्या, एकट्या. मुलगी नोकरीसाठी जर्मनीच्या पश्चिम भागात गेली ती तिकडचीच झाली होती. तिचा जाड निळा लोकरी कोट त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता. कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, "हा घे. ती आता वापरत नाही."

वापरत नाही! मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी त्यांना भाषणच दिलं : आमच्यात दुसऱ्यानं टाकलेलं घेत नाहीत, मी भिकारी नाही. त्यांनी कोट उचलला, खुंटीला अडकवला आणि माझा अर्धा भरलेला कप बेसिनमध्ये ओतला. मी ताठ मानेनं जिना चढले.

रविवारी फोनवर बाबांना सगळं सांगितलं. पेढ्याच्या अपेक्षेनं, खरं सांगायचं तर.

बाबा म्हणाले, "कुठे दिला? दारात?"

"नाही, स्वयंपाकघरात. टेबलाशी."

"तू उभी होतीस?"

"बसले होते. कॉफी घेत होते."

"कप वेगळा ठेवलाय का तुझ्यासाठी?"

"नाही हो बाबा. त्यांच्याच कपातला एक."

"आणि तू केलेलं त्या खातात?"

"खातात. तिखटानं डोळ्यांत पाणी येतं, पण ताट पुसून खातात."

मग बाबा म्हणाले, "पत्रकाच्या घड्या घातल्यास तेवढ्या. एकदा उघडून वाचायचं होतंस."

चूक कळणं सोपं होतं, जिना उतरणं अवघड. तीन दिवस मी स्वतःला सांगत राहिले की जाकिटाखाली दोन स्वेटर पुरतील. चौथ्या दिवशी, निघायच्या आदल्या दुपारी, खाली जाऊन दार वाजवलं. "चूक झाली," म्हणाले. "कोट द्याल का? परत आणून देईन."

"परत तर आणायचाच आहे," बाई म्हणाल्या. "बाह्या लांब होतील. बैस." बाह्या दुमडून टाके घालता घालता त्यांनी वर पाहिलं. "तुझं ते शिट्टी मारणारं भांडं तीन दिवस इथे ठेव. मला वाटाण्याचं सूप करायचंय."

पानावरचं बाकी सगळं स्टॉकहोमच्या त्या तीन दिवसांत शिकले. आतला थर सुती नको, घामानं ओला होतो आणि मग थंडी हाडांत शिरते. खोल्या भट्टीसारख्या तापवलेल्या असतात, म्हणून झटकन काढता येतील असेच थर घाला. बूट एक माप मोठे घ्या, जाड मोज्यांना जागा हवी. घरात शिरताना बूट काढतात, तेव्हा मोजे भोकाचे नकोत. बर्फावर बदकासारखं, सपाट पाऊल टाकत चाला. पुणेरी झपाट्यानं चालाल तर आपटाल, मी दोनदा आपटले. इमारतीच्या कडेनं जाऊ नका, छपरावरचा बर्फ खाली येतो. आणि दुपारी तीनला अंधार पडायला लागला की उगाच उदास होऊ नका. उजेडातली कामं सकाळीच उरका.

बस खरंच चुकली. अर्धा तास उभी राहिले. गाल बधिर झाले, पण आत ऊब होती. संस्थेच्या दाराशी ओळीनं खुंट्या होत्या. मी निळा कोट इतरांच्या कोटांमध्ये अडकवला आणि भाषणाला गेले. आवाज शाबूत होता.

सहा महिन्यांचं पत्र आलं तेव्हा मी ते घेऊन आधी खालीच गेले. बाईंनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"म्हणजे कोट पुन्हा लागणार."

"हो. सहा महिने."

"जा," त्या म्हणाल्या, म्हणजे जर्मनमधला होकार. मग मागे वळून शेगडीवरच्या माझ्या कुकरकडे पाहिलं. तो मी अजून परत मागितला नव्हता. "हाही सहा महिने."