हल्ल्याच्या वेळी फौज कुठे असावी

बारावीच्या वर्षी मी लातुरात दोन अभ्यास केले. एक क्लासचा, तो घरी सांगण्यासारखा होता. दुसरा खोलीजवळच्या सायबर कॅफेत. तिथे आम्ही एक ऑनलाइन युद्धाचा खेळ खेळायचो. आपलं एक गाव, धान्याची कोठारं आणि फौज. कोणीतरी अनोळखी खेळाडू चाल करून यायचा आणि तो किती मिनिटांत पोचेल ते पडद्यावर दिसायचं. क्लासच्या चाचण्यांत माझा नंबर मागेमागे जात होता, पण फौजेबद्दल माझा सल्ला घ्यायला पुढच्या बाकावरची हुशार मंडळीही येत, याचा मला निर्लज्ज अभिमान होता.

माझा सल्ला एकच असे. फौजेच्या पानावर एक चौकट होती. तिच्यात खूण केली, की हल्ला पोचायच्या आत फौज आपोआप गावाबाहेर निघून जाई आणि शत्रू लुटून गेला की परत येई. खूण नसली तर जागेवरच उभी राहून लढे. समोरचा भारी असेल तर खूण करावी. कोठारं पुन्हा भरतात, फौज उभी करायला मात्र महिने लागतात.

दर रविवारी अण्णा, म्हणजे माझे वडील, चाकूरहून डबा घेऊन यायचे. भूकंपात आमचं गाव पडल्यापासून आम्ही तिथे, आईच्या माहेरी राहत होतो. त्या पहाटे आई माहेरीच होती. घरात अण्णा, आठ वर्षांची ताई आणि पाच वर्षांचा मी. अण्णांनी मला उचलून अंगणात ठेवलं आणि ते ताईसाठी वळले, तोवर मातीचं जड छत, माळवद, खाली आलं होतं. ताई गेली. पुढे पाहुण्यारावळ्यांत कुजबुज झाली, की यानं पोराला उचललं आणि पोरीला ठेवलं. अण्णांनी कधी उत्तर दिलं नाही. मीही कधी विचारलं नाही, नुसता राग धरून बसलो. त्यांच्यावर, आणि ज्याला उचललं त्याच्यावरही.

एका रविवारी मी खोलीवर सापडलो नाही म्हणून अण्णा डबा घेऊन थेट कॅफेत आले. आता सगळ्यांसमोर उद्धार होणार, असं मी धरूनच चाललो होतो. ते शेजारच्या खुर्चीवर बसले आणि हे काय करायलास, एवढंच विचारलं. हल्ला सात मिनिटांवर होता. मी जरा मिरवतच सगळं समजावलं, खूण केलेली चौकट दाखवली.

"मग गावात कोण राहतंय?"

"कुणीच न्हाई."

"मधीच माघारी येता येतंय का?"

"न्हाई. हल्ला सरल्याबिगर न्हाई."

पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "मला बी येता आलं न्हाई."

बारा वर्षांत त्या पहाटेबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते. मी माउस सरकवला आणि चौकटीतली खूण काढून टाकली. आज कबूल करतो, त्यात दुष्टपणा होता. जागेवर थांबणं कसं असतं ते मला त्यांना दाखवायचं होतं.

हल्ला आला. लढाईचा अहवाल उघडला, तर माझ्या बाजूला नुसती शून्यं. कोठारंही रिकामी झाली होती.

"किती राहिले?" अण्णांनी विचारलं.

"एक बी न्हाई."

"मग कशाला काढलीस ती खूण? बाहीर गेले असते तर वाचले असते की."

ते खरोखर हळहळत होते, खऱ्या माणसांसाठी हळहळावं तसे. स्वतःची बाजू मांडतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मला एकदम फार लाज वाटली. त्यांच्या मांडीवरचा डबा घ्यायला मी हात पुढे केला.

"अण्णा," मी म्हणालो, "तुमचं काय चुकलं न्हाई."

त्यांनी डबा लगेच सोडला नाही.