ढोमणेकाकांचा प्याऊ आणि माझं बिनपरवानगी वायफाय

उन्हाळ्यात नागपूरला जाऊ नका, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं ते सगळे नागपूरचेच होते. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. पण प्रवासावर साप्ताहिक सदर लिहिणाऱ्याला मे महिन्यात महाबळेश्वर लिहून चालत नाही, ते आधीच सगळ्यांनी लिहून झालेलं असतं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेली. ती म्हणाली, "जाऊ या. गर्दी तरी नसेल." पुण्याहून गाडीची वातानुकूलित तिकिटं लगेच मिळाली. मे महिन्यात तिकीट लगेच मिळणं हीच खरी धोक्याची सूचना.

सोमवारी सकाळी नागपूरला उतरलो. स्टेशनावरून मेट्रो घ्या, हा माझा पहिला सल्ला. डबा गार असतो, तिकीट एका चहाच्या आसपास पडतं, आणि शहर वरून बघता येतं. आम्हाला जायचं होतं बेसाला, शहराच्या दक्षिण टोकाला. मेट्रोने निम्मं अंतर कापलं आणि पुढे ऑटो केला. ऑटोवाल्याने डोक्याला दुपट्टा असा गुंडाळला होता की फक्त डोळे दिसत होते.

"या दिवसांत काहून आले भाऊ?"

"फिरायला."

त्याने आरशातून आम्हा दोघांना नीट न्याहाळलं. "दवाखान्याचं काम असंल तं सांगा, लाजू नका. चांगला डॉक्टर दाखवतो."

बेसात जिकडेतिकडे नव्या इमारती. आमचा भाड्याचा फ्लॅट तळमजल्यावर, स्वच्छ, मोठा कूलर असलेला. जाहिरातीत 'हायस्पीड वायफाय' लिहिलं होतं. भिंतीवर डबी होतीही, पण तिचा दिवा लाल. मालकांना फोन केला तर म्हणाले, "आज होऊन जाईल." मोबाइलची रेंज फक्त न्हाणीघराच्या खिडकीपाशी, तीही स्टुलावर चढलं तर, आणि बोलण्यापुरतीच. आणि माझं सदर दर सोमवारी दुपारी बाराच्या आत जायलाच हवं. इतक्या वर्षांत एकदाही उशीर झालेला नाही. माझ्या लिखाणाचं कौतुक होतं ते बहुतेक याच एका गुणावर.

फोनवर आजूबाजूची वायफायं शोधली. सगळ्यांना कुलपं. एकालाच नव्हतं. नाव होतं 'ढोमणे प्याऊ'. बोट लावलं, जोडलं गेलं, लेख गेला. बारा वाजायला थोडाच वेळ राहिला होता.

"कुणाचं आहे ते?" सुनंदाने विचारलं.

"ढोमण्यांचं."

"ते कोण?"

"माहीत नाही."

"विचारलंत?"

"उघडंच होतं."

"आपलं दार परवा उघडं राहिलं होतं. कुणी येऊन फ्रिजमधलं ताक पिऊन गेलं असतं तर?"

मी म्हटलं, "शेजारचा रेडिओ ऐकू आला तर आपण कानात बोळे घालतो का?"

"रेडिओवरून तुम्ही लेख पाठवत नाही," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली. तपासणी विभागातला माणूस निवृत्त होतो तो फक्त पगारातून.

मंगळवारी लवकर उठून तर्री-पोहा खाल्ला. कोरडे पोहे, त्यावर चण्यांची लालभडक तर्री. पोहेवाला विचारतो, "तर्री जास्त?" उत्तर 'नाही' असंच द्या. मी 'हो' म्हटलं आणि पुढचा अर्धा तास माझ्या डोळ्यांतून नागपूर वाहत होतं. मग सीताबर्डी. व्हरायटी चौकाजवळ ऊन चढायच्या आत दोन सुती दुपट्टे घेतले आणि संत्रा बर्फीचा एक डबा. दहा वाजल्यानंतर रस्त्यावर राहू नका, राहिलात तर सावलीच्या बाजूने चाला. दुपारी फ्लॅटवर परतलो, कूलरसमोर आडवा झालो. उठलो तर सुनंदा नव्हती. बर्फीचा डबाही नव्हता.

ती शेजारच्या बंगल्यात सापडली. फाटकाशी कडुनिंबाखाली पाणपोई, म्हणजे इथल्या भाषेत प्याऊ: तीन माठ, त्यांवर ओलं लाल फडकं, कडेला साखळीने बांधलेला स्टीलचा पेला. माठांजवळच्या बाकावर दोन-तीन डिलिव्हरीवाले आणि हिंगण्याच्या कारखान्याच्या गणवेशातले दोघे कंपनीच्या बसची वाट बघत बसलेले. सगळ्यांच्या माना फोनमध्ये. माठांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आत व्हरांड्यात सुनंदा खुर्चीवर, समोर सत्तरीचे एक उंच गृहस्थ. चेहरा चांगलाच दुखावलेला.

"हे तुमचे मिस्टर का?" ते मला बघून म्हणाले. "या भाऊ, बसा. या वहिनी माफी मागून राहिल्या. प्याऊवर पाणी पिऊन कोणी माफी मागते का बाप्पा? अन् वरून बर्फी?"

हे ढोमणेकाका. हिंगण्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. उन्हाळ्यात प्याऊ लावायची रीत त्यांच्या वडिलांची. पण आता ज्याच्या त्याच्या पिशवीत बाटली. मागल्या उन्हाळ्यात एक डिलिव्हरीवाला फाटकाशी थांबला तेव्हा काका पेला भरून धावत गेले. तो म्हणाला, "पाणी नको काकाजी, नेट असंल तं द्या. या गल्लीत रेंज नाही, ऑर्डर क्लोज होऊन नाही राहिली." काकांना वाटलं, तहान बदलली, प्याऊ बदलला पाहिजे. त्याच दिवशी त्यांनी वायफायचं कुलूप काढलं आणि नाव बदलून घेतलं.

एवढ्यात आतून त्यांची मुलगी आली. वैशाली, वकील. तिने बर्फीचा डबा सुनंदाच्या हातात परत दिला. "काकू, राहू द्या. आमच्याकडं गोड खायचे दिवस नाहीत सध्या."

मग कळलं. काकांच्या वायफायवरून कुणीतरी इंटरनेटवर सेकंडहँड कूलर विकायची खोटी जाहिरात टाकली होती. लोकांकडून आगाऊ पैसे घेतले आणि माणूस गायब. माग काढत पोलीस आले ते काकांच्या नावावर. बुधवारी ठाण्यात बोलावलं होतं. काका जन्मात ठाण्याची पायरी चढलेले नव्हते. दोन दिवस ते ताटावरून अर्धपोटी उठत होते, आणि समोरच्या घरातल्यांनी एकाएकी त्यांना 'नमस्कार' म्हणणं सोडून दिलं होतं.

"म्हणून म्हणून राहिली, आजच पासवर्ड लावा," वैशाली म्हणाली.

"कुलूपवाला प्याऊ पाहिला का वं तू कधी?" काका म्हणाले. "लावायचंच असंल तं मी बंदच करतो. नेट बी अन् माठ बी. बाबांचं नाव घेऊन लोकांले कुलूप नाही दाखवणार मी."

मी हळूच वैशालीला विचारलं की उघड्या वायफायवर आपला लेख पाठवणं हा नेमका काय प्रकार आहे.

"कायदा सरळ आहे. मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्या नेटवर्कमध्ये शिरायचं नाही. आयटी कायदा, कलम त्रेचाळीस. लबाडीनं शिरलं तर सहासष्ट, मग जेलसुद्धा. दार उघडं होतं म्हणून परवानगी होती, असं होत नाही."

"म्हणजे मी..."

"तुमची लबाडी नाही, उतावीळपणा आहे. त्याचं कलम अजून निघालं नाही." ती पहिल्यांदाच हसली. "पण उद्या तुम्ही दोघं याल का आमच्यासोबत? बाबांच्या प्याऊवर चांगली माणसंही येतात, हे साहेबांना दिसू दे."

सुनंदा लगेच हो म्हणाली. चांगला माणूस म्हणून मला ठाण्यात सादर करण्याची संधी तिला पुन्हा कधी मिळणार होती?

तर बुधवारी रामटेक ठरलं होतं, त्याऐवजी पोलीस ठाणं पाहिलं. वाचकांच्या माहितीसाठी: प्रवेश मोफत, बाकडी लाकडी, पंखे सर्वांसाठी, कूलर फक्त साहेबांच्या खोलीत. आम्हाला त्याच खोलीत बोलावलं, हे आमचं नशीब.

साहेब शांत होते. समोरच्या कागदावरची धूळ रुमालाने पुसत त्यांनी विचारलं, "काकाजी, पासवर्ड काहून नाही लावला?"

"प्याऊ आहे ना साहेब." काकांचा आवाज एवढासा झाला होता.

"अन् हे कोण?"

"हे पुण्याचे लेखक. हे बी आमच्या प्याऊवर आले होते," वैशालीने सांगितलं.

साहेब माझ्याकडे वळले. "परवानगी घेतली होती तुम्ही?"

आयुष्यात मी शेकडो लोकांना प्रश्न विचारले आहेत. उलटा प्रश्न आला की काय होतं ते त्या दिवशी समजलं. 'हो' म्हणावं तर खोटं, आणि 'नाही' म्हणावं तर त्रेचाळीस.

"त्यांनी नव्हती घेतली," सुनंदा म्हणाली. "मी घेतली, दुसऱ्या दिवशी. कार्योत्तर मंजुरी."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "बँकेत होत्या का मॅडम?"

"तपासणी विभाग."

"तरीच." ते हसले. मग खुर्ची काकांकडे सरकवून म्हणाले, "जाहिरातवाल्याचा नंबर आमच्याकडं आहे, तो सापडेल. तुमचं काही नाही, फक्त जबाब द्या. पण एक सांगा. तुमच्या प्याऊवरचा पेला मी येता-जाता पाहतो. तो साखळीनं काहून बांधला?"

"लोक घेऊन जातात म्हणून."

"अन् मग पाणी पाजणं बंद केलं का?"

"नाही."

"तेच तं म्हणून राहिलो मी! पाणी कोणालेही पाजा, पण पेला बांधून ठेवा. नेट द्या ना, पण देताना तोंड पाहा, नाव विचारा. उद्या कोणी कूलर विकला तं मले विचारायले माणूस पाहिजे."

'पेला बांधून ठेवा,' काका स्वतःशीच पुटपुटले. मग जबाबावर सही केली. बाहेर उन्हात आले आणि म्हणाले, "वैशाली, भूक लागली वं." जवळच्या हॉटेलात त्यांनी सांबारवडी मागवली, आणि आम्हा सगळ्यांच्या ताटांवर स्वतः लक्ष ठेवून होते. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, हे आम्हाला पहिला घास घेतल्यावर कळलं. जरूर खा, सोबत कढी मागा.

गुरुवारी आमचा शेवटचा दिवस. आमच्या डबीचा दिवा अजून लालच होता, आणि संपादकांनी मागितलेली सदराची दुरुस्त प्रत बाराच्या आत पाठवायची होती. मी वेळ राखून प्याऊवर गेलो. पासवर्ड लागला होता, तो फक्त काकांच्या तोंडी. माझ्या पुढे एक डिलिव्हरीवाला.

"कुठचा गा तू?"

"काटोलचा."

"काटोलात कोणाचा?"

"काकाजी, पासवर्ड सांगा ना. खाणं थंडं होऊन राहिलं."

"या उन्हात थंडं होते का कधी? वडील काय करतात?"

त्याचे वडील, आजोळ आणि लग्नाचं काय, हे सगळं उरकल्यावर काकांनी त्याच्या कानात पासवर्ड सांगितला आणि पेला भरून हातात दिला. तो गटागटा प्याला, आणखी एक मागितला. बाकावरचे सगळे हसायला लागले. काकांचा चेहरा असा की जणू कारखान्यात पुन्हा बोनस जाहीर झाला.

मग माझी पाळी. माझं मूळ गाव, सुनंदाचं माहेर, मुलगा कुठे असतो आणि फोन करतो की नाही, इथपर्यंत चौकशी झाली. बारा कधीच वाजून गेले होते. वायफाय जोडताच व्हॉट्सअॅपवर संपादकांचा फोन आला तो काळजीचा: "बरे आहात ना?" प्रत पाठवली तेव्हा माझ्या कारकिर्दीतला एकमेव विक्रम मोडला होता आणि माठातलं दोन पेले पाणी पोटात होतं.

नागपूरला जायचं असेल तर थंडीत जा, एवढं खरं. पण बेसात राहायला जागा बघताना डबीचा दिवा हिरवा आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर वेळ काढून जा.

पुण्याला परतलो आणि दुसऱ्याच दिवशी आमचं इंटरनेट गेलं. सदराचा पुढचा लेख अडकला. फोनवर सोसायटीतली वायफायं दिसत होती, एकूण एक कुलूपबंद. पूर्वी मी चडफडत बसलो असतो. या वेळी खाली उतरलो आणि बेल वाजवली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आणि मी कित्येक वर्षं लिफ्टमध्ये एकमेकांना मान हलवत आलोय.

"पासवर्ड मिळेल का? एक लेख पाठवायचाय."

त्यांनी विचार केला. "किती मोठा आहे?"

मी सांगितलं. ते आत गेले, कुजबूज झाली, परत आले. माझा फोन घेऊन, पडद्यावर तळहात धरून त्यांनी स्वतःच पासवर्ड टाकला. दारातच उभं राहून मी लेख पाठवला. "गेला ना?" म्हणाले, आणि फोनवरून स्वतःच्या हाताने त्या वायफायचं नाव पुसूनही टाकलं. मालकाची परवानगी, ओळख पटलेला माणूस, कामापुरता वापर. वैशालीनेही बोट ठेवायला जागा शोधली नसती.

वर आलो.

"काय म्हणाले?" सुनंदाने विचारलं.

"दिलं की. गेला लेख."

"बसा तरी म्हणाले का?"

मी चपला काढल्या आणि आत जाऊन स्वतःच पेलाभर पाणी ओतून घेतलं.