झेलणाऱ्याचा पोशाख

महायुद्ध संपल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात पारोळ्याच्या ठाण्यात दोन पोशाख जप्त होऊन आले. दोन्ही सर्कशीतले, परदेशातून आलेले, जकात न भरलेले. एक बाईचा, एक पुरुषाचा. मी तेव्हा त्या ठाण्याचा फौजदार होतो.

खबर कापडपेठेतल्या एका व्यापाऱ्याने दिली. मलायातून परतलेल्या गावच्या एका सैनिकाने आपल्या सामानातून रेशीम आणि जर आणून एका बाईच्या घरी उतरवली, असे त्याचे म्हणणे. खबर देणाऱ्याचे आणि ज्याच्याबद्दल खबर त्याचे आधी काही बिनसले आहे का, हे मी नेहमी पाहत असे. इथे तसे नव्हते. त्याने चकाकणारे कापड पाहिले होते, एवढेच.

बाई चाळिशी ओलांडलेली, भावाच्या घरी राहणारी. गल्ली तिला अक्का म्हणे. पंचांसमोर तिने स्वतःच गठ्ठा काढून दिला. निळ्या साटिनचे दोन पोशाख, छातीवर जरीची वेल. पुरुषाच्या पोशाखाला बाह्यांच्या टोकाशी कातडी मनगटपट्टे होते, बंदांनी बांधलेले. मुद्देमालाला लाखेचे शिक्के करून आम्ही तिला जबाबासाठी ठाण्यात बोलावले आणि पंचांसमोरच शिक्के मोडून पोशाख बाहेर काढले.

"हा पोशाख कोणाचा?" मी बाईचा पोशाख पुढे केला.

"मना. बारा वर्सं झुल्यावर काम करं मी, भाऊ. पिनांगले पडनी, बोट मोडनं, मंग घर उनी."

पोशाखाच्या बारीक मापाकडे आणि अक्काच्या अंगाकडे पाहून हवालदार म्हणाला, "अक्का, आते झुल्यावर चढश्यात तर झुलाच तुटी."

"तू खाले उभा ऱ्हाय ना. तुना पोटवर पडसू, काहीच नही मोडाव."

पंचसुद्धा हसले. मग मी पुरुषाचा पोशाख उचलला आणि तोच प्रश्न विचारला. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हाही गप्प. चौकशीत गप्प बसणारा माणूस काही लपवतो, अशी आमच्या खात्याची समजूत असते. मी त्या पोशाखाचे अस्तर उसवून पाहिले. आत काही नव्हते.

सैनिकाच्या जबाबातून उलगडा झाला. अक्का युद्धाच्या आधी एकटीच परतली होती. झुल्यावरचा तिचा जोडीदार पुढच्या बोटीने येणार होता. दोघांचे पोशाख त्याने बांधून, वर पारोळ्याचा पत्ता लिहून, पिनांगच्या एका दुकानदाराकडे ठेवले. मग जपानी आले. त्यानंतर त्याला कोणी पाहिले नाही. दुकानदाराने गावचा माणूस भेटला म्हणून गठ्ठा त्या सैनिकाच्या हाती दिला होता.

जकात खात्याला मी कळवले. त्यांचे एक अधिकारी दुसऱ्या कामासाठी जळगावला आले होते. मुद्देमाल घेऊन मी तिथे गेलो. अक्का आणि तिचा भाऊ बरोबर होते.

साहेबांनी पोशाख उलटेपालटे करून पाहिले. माल कोणत्या वर्गात बसतो, त्यावर जकात ठरते, असे त्यांनी समजावले. नवे रेशमी, जरीचे कपडे असतील तर जकात जबर, वर दंड. स्वतःच्या अंगावरचे जुने कपडे असतील तर माफ. बाईचा पोशाख कमरेला दोनदा सैल केलेला, काखेत घामाने विटलेला होता. तो त्यांनी लगेच माफीत घातला. पुरुषाचाही जुनाच होता, पण वापरणारा समोर नव्हता.

"हा तुमचा कोण?"

"झेलनारा."

"म्हणजे नवरा?"

"झेलनारा, साहेब. मी झुला सोडू, तो मना हात धरे, मी त्यानं मनगट."

"नात्याच्या रकान्यात हे बसत नाही, बाई." साहेब तसे भले होते. थोडा विचार करून त्यांनी वाट काढली. मृत माणसाच्या वापरातले कपडे असाही एक वर्ग आहे, त्यालाही माफी आहे. पाच वर्षे पत्ता नाही, युद्धाचा मुलूख. तो मरण पावला असे तिने लिहून दिले, तर पोशाख आजच घरी नेता येईल.

भाऊ म्हणाला, "अक्का, करी टाक ना सही. कागदच तर शे."

"मी सही नही करस."

"अवं, मंग पोशाख जाई!"

"जाऊ दे. त्यानी पत्ता लिखेल शे ना? येनारा मानूसच पत्ता लिखस." ती साहेबांकडे वळली. "मनाच हातनं त्याले मारू का, साहेब?"

तिने नकार दिला तेव्हा तिचा हात टेबलावरच्या मनगटपट्ट्यावर होता, म्हणून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिच्या उजव्या हाताचे मधले बोट वळत नसे. ते झुल्यावरच्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा मोडून तेव्हापासून ताठ राहिले होते, आणि पिनांगला दुसऱ्यांदा मोडले होते. मी दोन्ही पट्टे उजेडाकडे नेले. एका पट्ट्यावर चार बोटांच्या जागी कातडे झिजून गुळगुळीत झाले होते. दुसऱ्यावर तीनच जागा झिजल्या होत्या. मधली कोरी होती.

मी तिला पट्टे धरायला सांगितले. तिने धरले. बोटे एकेक आपापल्या जागी बसली. साहेब उठून जवळ आले. बराच वेळ त्यांनी तिला हात काढायला सांगितले नाही.

मग ते म्हणाले, "घातले त्याने, पण वापरले हिनेच." पट्टे त्यांनी अक्काच्या धंद्याची अवजारे म्हणून नोंदवले आणि जकात माफ करून तिच्या ताब्यात दिले. पोशाखाच्या बाबतीत त्यांचा इलाज चालला नाही. मालकाने हजर होण्याची मुदत घालून तो ठाण्यात ठेवायला सांगितला.

माल सुटावा म्हणून खोटे लिहून देणारी माणसे मी नोकरीत शेकड्यांनी पाहिली. खरे ठाऊक नाही, एवढ्याच कारणाने माल सोडणारी ही एकच पाहिली. जबाबात गप्प बसणाऱ्याकडे त्यानंतर मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

मुदतीत ती आठवडी बाजाराच्या दिवशी ठाण्यात येई. "काही कागद उना का, भाऊ?" हवालदार शिक्के मोडत नसे, पण गठ्ठा काढून बाकावर ठेवी. ती शेजारी बसे आणि उठून जाई.

मुदत संपली. मालक हजर झाला नाही. पोशाख मुंबईला पाठवायचा हुकूम आला. रवानगीच्या छापील नमुन्यात मालकासमोर 'मयत' आणि 'गैरहजर' असे दोन शब्द होते. त्यांतला नको तो खोडायचा असे. अक्का समोर उभी होती. 'मयत' हा शब्द मी खोडला आणि खाली सही केली. गठ्ठा दुपारच्या मोटारीने अमळनेर स्टेशनला गेला.