बैलाच्या फोटोची जाहिरात

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी नगरमधला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. मालक वारले आणि मुलांनी ती जागा सायकलच्या दुकानाला दिली. त्या स्टुडिओत माझ्या बहिणीचे यजमान वीसेक वर्षं रिटचिंग करत होते. फोटोवरचे डाग, चरे आणि सुरकुत्या बारीक ब्रशने भरायच्या किंवा पात्याने खरवडून काढायच्या, हे त्यांचं काम. गिऱ्हाईक मालकाला ओळखायचं. दाजी मागच्या खोलीत असायचे.

स्टुडिओ गेल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम मांडलं. नवे फोटो काढायचे नाहीत, जुने दुरुस्त करून द्यायचे. फाटलेले, ओल आलेले, कसर लागलेले फोटो घेऊन त्यांची कॉपी काढायची, ती मोठी करायची आणि गेलेला भाग हाताने भरायचा. काम त्यांना येत होतं. ते येतं हे लोकांना कसं कळवायचं, ते येत नव्हतं.

मुदतही होती. दाजींचे थोरले भाऊ कोल्हारला राहत. त्या भागातल्या एका साखर कारखान्यात ते नोकरीला होते आणि धाकट्या भावासाठी त्यांनी तिथे टाइम ऑफिसात कारकुनाची जागा बोलून ठेवली होती. दसऱ्यानंतर गाळप सुरू होणार होतं. गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडायच्या आत हो की नाही ते सांगायचं होतं.

"नोकरी वाईट नाही," बहीण मला म्हणाली. "पण दिवसभर हजेरीपट भरले तर यांचा हात जाईल. रोज ब्रश धरला नाही तर जातो म्हणतात. नंतर परत बसत नाही."

दाजींनी मला विचारलं, "तुमच्या पेपरात जाहिरात देता येईल का?"

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. जाहिरातीचा मजकूर मी लिहिला: 'जुने, फाटके, डागाळलेले फोटो पूर्ववत करून मिळतील.' मजकुराखाली एकाच माणसाचे दोन फोटो, डावीकडे दुरुस्तीआधीचा आणि उजवीकडे नंतरचा. छपाईचे ब्लॉक पुण्याहून करून आणले. वर्तमानपत्राच्या कागदावर फोटो ठिपक्यांनी उमटतो. त्या ठिपक्यांत डावीकडचे चरे नाहीसे झाले आणि उजवीकडे शाई जास्त लागून डाग पडले. छापून आल्यावर दुरुस्त केलेला फोटो अधिक जुना दिसत होता. जाहिरातीला एकच उत्तर आलं. पोस्टकार्ड होतं. छापलेले दोघे भाऊ कुठल्या गावचे, अशी त्यात विचारणा होती.

मग कोल्हारच्या आठवडी बाजारात बसायचं ठरलं. तिथे नगरहून थेट एस.टी. होती, शिवाय भावाच्या घरी सामान ठेवता येत होतं. पण बाजारात नमुना म्हणून टांगायला फोटो हवे होते आणि ते द्यायला कुणी तयार होईना. ज्यांची कामं केली होती त्या तिघांना दाजींनी विचारलं. तिघांनीही नकार दिला. एक जण म्हणाला, "आमचा म्हातारा भिंतीवर बरा हाय. बोंबलाच्या पाट्यांशेजारी कशाला टांगता त्याला?"

शेवटी दाजींनी स्वतःच्या वडिलांचा फोटो लावला. एका फळीवर डावीकडे मूळ फोटो, तडकलेला आणि एका गालावर बुरशीचा डाग असलेला. उजवीकडे दुरुस्त केलेला. वर मी लिहिलेला मजकूर. पहिल्या बाजाराला मी नव्हतो. पुढचं दाजींनी सांगितलं तसं लिहितो.

लोक थांबत होते. थांबून चपला काढत होते आणि नमस्कार करून पुढे जात होते. एका बाईने झेंडूची दोन फुलं फळीच्या कडेला ठेवली. तिचं पाहून दुसरीने ठेवली. दुपारी एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोणचं महाराज म्हनायचं हे?"

"महाराज नव्हेत," दाजी म्हणाले. "माझे वडील. जकात नाक्यावर कारकून होते."

म्हाताऱ्याने हात आधीच जोडले होते. ते सोडवताना त्याची जरा पंचाईत झाली. तो म्हणाला, "आसूं द्या. गेलेला मानूस."

दुसऱ्या बाजारीही तसंच झालं. संध्याकाळी फळी उतरवताना शेजारी चहा घेत बसलेला एक शेतकरी दाजींना म्हणाला, "ओ पेंटर, दोन बाजार बघतोय मी. लोक फोटूच्या पाया पडत्यात, फोटू बघत न्हाईत. गेलेल्या मानसाला कोन निरखून बघतंय? तुमाला काम दाखवायचं हाय ना? मग बैल लावा."

"बैलाचा फोटो कुठून आणू?"

"माझ्याकडं हाय."

हा शेतकरी साठीच्या जवळ आलेला होता. कोल्हारपासून कोसभरावर प्रवरेच्या काठी त्याची जमीन होती. त्याच्या वडिलांच्या एका खिल्लार बैलाला जनावरांच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला होता आणि तेव्हा बैलाचा, कासरा धरून उभ्या असलेल्या वडिलांसकट, फोटो काढला होता. पंचवीस-तीस वर्षांत कसरीने तो मधोमध खाल्ला होता. वडिलांचा अर्धा पटका आणि बैलाचं जवळजवळ सगळं कपाळ गेलं होतं. दुरुस्त करून दिल्यावर फोटो चार बाजार टांगायला त्याची हरकत नव्हती. "बैलच हाय. त्याला बाजाराची सवय हाय," तो म्हणाला.

दाजींनी पटका तासाभरात भरला. बैलाच्या कपाळाला चार दिवस लागले. माणसाचा चेहरा त्यांना पाठ होता, बैलाचा नव्हता. ते नगरच्या मार्केट यार्डात गेले, एका गाडीचा पांढरा बैल निवडला आणि त्याच्या कपाळाची पेन्सिलीने नक्कल केली. केसांची दिशा, शिंगांच्या मुळाशी पडणारी सावली, मधला भोवरा, सगळं त्यांनी टिपून घेतलं. घरी येऊन ते मोठ्या केलेल्या फोटोत उतरवलं. मी तो पाहिला. जोड कुठे आहे ते मला सापडलं नाही.

तिसऱ्या बाजाराला मी गेलो, कारण त्या दिवशी माझी सुट्टी होती. बाजार भरायला लागला तसे फळीपुढे लोक जमू लागले. कुणी चपला काढल्या नाहीत. लोक पुढे वाकून, डोळे बारीक करून पाहत होते. बोटं काचेला लागत होती.

"वशिंड बघा कसलं हाय."

"पाय बघ आधी. खुरं जुळलेली हायेत."

"हा आमच्या आळीतला. म्या बघितलाय लहानपनी. ह्यो मेला तवा मालक दोन दिस जेवला न्हवता."

"आन् सासरा मेला तवा?"

"तवा जेवला."

हशा पिकला. दाजी बाजूला स्टुलावर बसून होते. वीस वर्षांत त्यांच्या कामाकडे इतक्या माणसांनी एका वेळी कधी पाहिलं नव्हतं. मग पुढच्या रांगेतला एक जण सरळ उभा राहिला आणि हळू म्हणाला, "पर ह्याला तर खोड हाय."

त्याने कपाळावर बोट ठेवलं. "भोवरा बघा. डोळ्याच्या खाली आलाय."

आणखी तिघांनी वाकून पाहिलं. त्यांनाही ते दिसलं. बैल घेताना तिकडे कपाळावरचा भोवरा पाहतात. तो डोळ्यांच्या वर, मधोमध असावा. डोळ्यांच्या रेषेखाली उतरलेला असला तर त्या बैलाच्या घरी रडणं येतं, अशी समजूत आहे. असा बैल बाजारात सहसा कुणी घेत नाही.

हे कसं झालं ते मला नंतर दाजींनी समजावलं. मार्केट यार्डातला बैल मान खाली घालून कडबा खात होता. त्यांनी वरून पाहून नक्कल केली, म्हणून भोवरा होता त्यापेक्षा खाली दिसला. फोटोतल्या बैलाची मान उंच होती. तिथे भोवरा तसाच बसवल्यावर डोळ्यांच्या खाली आला. माणसाच्या बाबतीत अशी चूक त्यांनी कधी केली नसती.

फोटो देणारा तो शेतकरी, बैलाचा मालक, दुपारी आला. बातमी त्याला वाटेतच कळली होती. तो ओरडला नाही. फोटोपुढे वाकून त्याने बैलाचं कपाळ पाहिलं.

"पेंटर, माझ्या बापानं खोडीचा बैल दावनीला बांधला हुता, असं सगळा बाजार बोलतुय," तो म्हणाला. "बाप तर गेला. आता सांगायला कोन येनार?"

"चूक माझी आहे," दाजी म्हणाले.

"ती लोकांना काय ठावं? लोकांना फोटू दिसतुय."

मोळी पडायला दोन आठवडे राहिले होते. कोल्हारच्या बाजारात नाव गेलं तर दुसऱ्या बाजारात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला वेळ नव्हता. मी दाजींना बाजूला घेऊन म्हटलं की फोटो उतरवावा, घरी नेऊन दुरुस्त करावा आणि पुढच्या वेळी आणावा. वर्तमानपत्रात चूक झाली की आम्ही दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळी छापतो, तसं काहीसं माझ्या मनात होतं.

"आज ज्यांनी पाहिलं ते पुढच्या बाजाराला येतीलच असं नाही," दाजी म्हणाले. त्यांनी फोटो उतरवला, काच काढली आणि फळी गुडघ्यांवर आडवी घेतली. पिशवीतून पातं, ब्रश आणि रंगाची डबी काढली, चहाच्या बशीत थोडं पाणी मागवलं.

"मी हा बैल पाहिलेला नाही," ते समोरच्या लोकांना म्हणाले. "ज्यांनी पाहिलाय त्यांनी सांगा. भोवरा कुठे होता?"

सगळे एकदम बोलू लागले. कुणी म्हणे शिंगांच्या अगदी मध्ये. कुणी म्हणे डोळ्यांपासून दोन बोटं वर. मालकाचं स्वतःचं उत्तर दोनदा बदललं. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, शिंगं तासनाऱ्या बाबाला इचारा. बैलाचं डोकं त्याच्या मांडीवर असायचं."

बाबा बाजारातच होता. पूर्वी तो गावोगाव फिरून बैलांची शिंगं तासायचा. आता हातात जोर नव्हता म्हणून सुतळ्या विकत बसायचा. त्याला धरून आणलं. त्याने फोटो पाहिला, मग डोळे मिटले आणि हवेत हात ठेवला, जणू खाली कपाळ आहे.

"अंगठा हितं, शिंगाच्या बुडाला टेकला," तो म्हणाला, "की करंगळी भोवऱ्यावर यायची. उजव्या अंगाला वाईच झुकलेला हुता. लई न्हाई."

"झुकलेला व्हय," मालक म्हणाला. "उजवीकडंच. आठवलं मला."

दाजींनी पात्याने खालचा भोवरा खरवडला. पांढऱ्या बैलाचा भोवरा म्हणजे करड्या रंगाच्या पंधरा-वीस रेघा. त्या गेल्या तसा खालचा भाग कोरा झाला. मग ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक केलं आणि वरच्या बाजूला, किंचित उजवीकडे, एकेक केस काढायला सुरुवात केली. भोवती तीस-चाळीस माणसं उभी होती. कुणी सावली पाडली की बाकीचे त्याला मागे ओढत. बाबा शेजारी उकिडवा बसून मध्येच "हां" किंवा "आंग आस्सं" म्हणत होता. अर्धा तास लागला.

मालकाने फळी दोन्ही हातांत घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"ह्योच," तो म्हणाला. "ह्योच हुता." मग वर पाहून ज्याने खोड काढली होती त्याला म्हणाला, "आता बघ की. मघाशी लई डोळं बारीक करत हुतास."

"चुकलं हुतं म्हनून बोललो ना," तो म्हणाला. "न्हाई बोललो आसतो तर ऱ्हायला आसता तसाच."

लोक पांगले. एक बाई मागे राहिली. हातात मेथीची जुडी होती. तिने दाजींना विचारलं, "मानसाचं बी असं सांगून करता येतंय का? माझ्या मालकांचा एकच फोटू हाय. नाकाचा भाग गेलाय समदा."

"ज्याला आठवतं असं कुणी असलं तर येतं," दाजी म्हणाले. "घेऊन या त्यांना."

पुढच्या बाजाराला आठ जण आले. प्रत्येकाच्या पिशवीत कापडात गुंडाळलेला फोटो आणि बरोबर एक म्हातारं माणूस. त्या दिवसापासून दाजींनी पद्धत ठरवली. आधी घरी कॉपी काढून मोठी करायची आणि शेवटचा हात बाजारात, ज्याने पाहिलंय त्याच्यासमोर. माझा मजकूर फळीवरून काढून टाकला, कारण तो कुणी वाचत नव्हतं.

मोळीच्या आधीचा शेवटचा बाजार होता तेव्हा दाजींचे थोरले भाऊ उत्तर घ्यायला आले. कारखान्याचे कपडे, सायकल हातात. दाजींच्या समोर मेथीवाली बाई आणि तिची नणंद बसल्या होत्या. दोघींचं नाकावरून पटत नव्हतं. भाऊ गर्दीच्या मागे माझ्याजवळ उभे राहिले.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"नणंद-भावजयींचं जमेपर्यंत."

"म्हणजे आज नाही." त्यांनी चहा घेतला. माझ्यासाठीही मागवला. थोडा वेळ ते धाकट्या भावाचा हात पाहत राहिले. कप ठेवून त्यांनी सायकल वळवली.

"साहेबांना मी उद्या सांगतो, दुसरा माणूस घ्या म्हणून," ते म्हणाले. "याला विचारत बसू नका. मोकळा झाला की घरी जेवायला या, दोघंही."

निरोप मी लगेच दिला नाही. दाजींच्या ओठांत ब्रश होता, आणि नणंद भावजयीला बाजूला सारून त्यांना सांगत होती, "आजून जरा रुंद काढा, पेंटर. माझ्या भावाचं नाक हाय ते."