शेंगूला द्राक्षं आवडली

ठाण्याहून निघायला आम्हाला चांगलाच उशीर झाला आणि त्याचं कारण गाडीच्या मागच्या सीटवर जीभ बाहेर काढून बसलं होतं. शेंगू. आई पॉमेरियन, बाप कोण ते देवाला ठाऊक. उशीएवढा आकार, भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग. लेकीनं हौसेनं आणला, लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि शेंगू आमच्या गळ्यात पडला. तेव्हापासून रोज त्याचे डोळे पुसायचे, कानामागचा केसांचा गुंता सोडवायचा, चिकन उकडून भातात कालवायचं आणि त्यानं तोंड फिरवलं की हातात घेऊन भरवायचं, ही सगळी माझी कामं. परगावी जाताना ज्या बाईंकडे त्याला ठेवतो, त्या ऐन वेळी तापानं आजारी पडल्या. म्हणून शेंगू नाशिकला निघाला.

कसारा घाटात त्यानं दोनदा उलटी केली. घाट संपल्यावर चहाला थांबलो, तर शेजारच्या बाकड्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, "कुठल्या जातीचं हो?"

"मिश्र आहे," मी सीट पुसत म्हणाले.

"म्हणजे गावठीच की!"

"अर्धा," सुहास, माझा नवरा, उगाच शेंगूची बाजू घेत म्हणाला. मी दोघांकडेही पाहिलं नाही.

नाशिक मागे टाकून आग्रा हायवेनं पुढे गेलं की हवेचा वासच बदलतो. आधी कांद्याचा उग्र वास, मग ओल्या मातीचा. पिंपळगाव बसवंत जवळ आलं तसे रस्त्याच्या कडेला टेम्पोच टेम्पो दिसू लागले. दोन्ही बाजूंना मांडवावर चढवलेल्या द्राक्षांच्या बागा, आणि पानांखाली एका पातळीत लोंबणारे घड. इतकं नेटकं शेत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

माझा मावसभाऊ बापू वाटेवरच उभा होता. दरवर्षी माल काढायच्या दिवसांत तो बोलावतो आणि दरवर्षी आम्ही काहीतरी निमित्त सांगतो. या वेळी त्यानं दम दिला होता, "ताई, औंदा (यंदा) नाय आली तर बोलणारच नाय मी."

"या दाजी!" त्यानं सुहासचे हात धरले. मग शेंगूकडे बघून म्हणाला, "हे काय, खेळणं आणलं का?"

त्याच्या बायकोनं, सुनंदानं, जेवायला बाजरीची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा केला होता. आम्ही तुटून पडलो. शेंगूसाठी मी डब्यातला चिकनभात काढला. त्यानं वास घेतला आणि पाठ फिरवली. दुधाकडे पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा नाकानं ढकलून दिला.

"पाव्हणं उपाशी हाय," बापू अस्वस्थ झाला.

"त्याची नाटकं आहेत. लक्ष देऊ नकोस."

पण बापूला चैन पडेना. त्याच्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नव्हतं.

जेवणानंतर आम्ही शेडमध्ये गेलो. तिथं बाया घडातले खराब मणी कात्रीनं काढत होत्या आणि चांगले घड कॅरेटमध्ये (प्लास्टिकच्या जाळीदार पेटीत) रचत होत्या. एक व्यापारी माल बघायला आला होता. पांढरा शर्ट, हातात एक घड, मणी उजेडात धरून निरखत होता. मी सुनंदाशी बोलत होते. बोलता बोलता मागे वळले, तर बापू उकिडवा बसलेला आणि शेंगू त्याच्या तळहातावरून गोल गोल मणी टिपतोय. शेपटी तर पंख्यासारखी!

"बघ ताई, कसं खातंय! तुझ्या हातचं नको, मामाच्या हातचं पाहिजे."

लेकीनं जाताना मला बजावून सांगितलं होतं: चॉकलेट द्यायचं नाही, कांदा द्यायचा नाही आणि द्राक्षं तर मुळीच नाही. मी किंचाळले, "बापू, थांब! विष आहे ते!"

शेडमधल्या सगळ्या कात्र्या थांबल्या. व्यापाऱ्यानं हातातला घड हळूच खाली ठेवला.

"काय म्हणाल्या ताई?" त्यानं विचारलं.

"कुत्र्यासाठी! कुत्र्यासाठी विष!" मी शेंगूला उचलत म्हणाले. पण शब्द सुटून गेला होता. बापूचा चेहरा उतरला. सुहास धावत गाडीकडे गेला आणि धावत परत आला. गाडीमागे माल भरायचा टेम्पो आडवा लागला होता आणि त्याचा ड्रायव्हर जेवायला गेला होता.

बापूनं एकदा व्यापाऱ्याकडे पाहिलं, एकदा शेंगूकडे. मग खिशातून पिकअपची चावी काढली. "बस ताई. दाजी, तुम्ही मागून या."

"अहो बापूशेठ, आपलं बोलणं?" व्यापारी म्हणाला.

"आलोच."

त्यानं पिकअप हायवेला काढली. मी फोनवर नाशिकमधला जनावरांचा दवाखाना शोधत होते. शेंगू माझ्या मांडीवर मजेत बसून खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याचा मला मनस्वी राग येत होता.

"वर्षभर लेकरागत बाग सांभाळला," बापू म्हणाला. "अन् तू चार माणसांत विष म्हनती."

"अरे, तुझ्या बागेला नाही म्हटलं मी! कुठलीही द्राक्षं कुत्र्याला चालत नाहीत."

"द्राक्ष खाऊन कोन मरतं का?"

मला तरी कुठे कारण माहीत होतं? लेक म्हणाली म्हणून मी म्हणत होते.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं शेंगूला टेबलावर घेतलं आणि विचारलं, "किती खाल्ली?"

"दोन मुठी असतील," बापू पुटपुटला. "आवडीनं खात होतं." मग घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, आमच्या फवारणीचं काय नाय ना? फवारल्यावर मुदत पाळूनच माल काढतो आम्ही."

"फवारणीचा संबंधच नाही. परसातल्या वेलीची खाल्ली असती तरी हेच. काही कुत्र्यांची त्यानं किडनी निकामी होते, काहींना काहीच होत नाही. कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. लवकर आणलंत, हे बरं केलंत."

बापूनं मोठा श्वास सोडला. आणि लगेच फोन काढला. "मॅडम, एवढंच जरा आमच्या व्यापाऱ्याला सांगता का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरनं शेंगूला उलटीचं औषध पाजलं, ट्रे पुढे सरकवला आणि एका हातानं त्याला धरून खरोखरच दुसऱ्या हातात फोन घेतला. "हो. माणसांना काहीच धोका नाही. फक्त कुत्र्यांना." मग ती थोडा वेळ ऐकत राहिली. "नाही, मनुकेसुद्धा नाही. रोज देता? आजपासून बंद करा."

त्याच क्षणी शेंगूनं बापूच्या शर्टावर सगळी द्राक्षं परत केली. मग सलाईन लागलं. स्टँड दुसऱ्या पेशंटकडे होता, म्हणून तो मिळेपर्यंत बापू बाटली उंच धरून तसाच उभा राहिला, ओल्या शर्टानं. "रक्त परवा पुन्हा तपासू," डॉक्टर म्हणाली. "तोवर लघवी होते की नाही याकडे लक्ष ठेवा."

एका रात्रीसाठी आलेले आम्ही अडकलो. पंचवटी बघायची होती, राहिली. दोन दिवस सगळं घर शेंगूच्या मागे. अंगणात तो पाय वर करेपर्यंत बापू श्वास रोखून उभा राहायचा आणि मग घराकडे तोंड करून ओरडायचा, "झाली!" आत सुनंदा हात जोडायची. व्यापारी माल घेऊन गेला की नाही, हे विचारायचं मला धाडस होईना. शेवटी बापूच म्हणाला, "आला होता. माल नेला. मला म्हने, तुमच्या ताईमुळं आमचं कुत्रं वाचलं." तो हसला नाही, पण भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या ताटात टाकला.

तपासणीत किडनी ठीक निघाली. मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले, आणि रडल्याबद्दल स्वतःवरच वैतागले.

परतताना बापूनं गाडीत द्राक्षांची पेटी ठेवलीच. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. शेंगूला पुढे सुहासशेजारी बांधून, पेटी मांडीवर घेऊन मी ठाण्यापर्यंत मागे बसले. पाय बधिर झाले.

लोक विचारतात, नाशिकला काय पाहिलं? मी काय सांगणार? बापू आणि मी बहीणभाऊ, पण गेली कित्येक वर्षं राखीपौर्णिमेला आणि भाऊबीजेला फोन, तब्येत बरी का, पाऊस कसा आहे, संपलं. आता रोज संध्याकाळी, नेमकी मी फोडणी घालत असताना, बापूचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ताई, झाली का?"

मी गॅस बारीक करते आणि ओरडते, "झाली रे बाबा, झाली!" मग आमच्या गप्पा सुरू होतात, आणि फोडणी रोज करपते.