चंद्रभानचं जांभळं फूल

चंद्रभानची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याला धड नव्हतं. अडुसष्ट सालचा कार्तिक महिना. आमच्या वस्तीमागच्या तलावावर एक मुंडकं तरंगत होतं आणि बिडी ओढत होतं. मी असा काही ओरडलो की काठावरचे बगळे उडाले ते थेट कामठीच्या छावणीत जाऊन उतरले असावेत.

"काहून बोंबलून राहिले भाऊ?" मुंडकं म्हणालं. "शिंगाडे तोडून राहिलो ना मी!"

मग वेलांच्या पानांतून बाकीचा चंद्रभान वर आला. दोन मडकी बांबूला बांधून केलेल्या तराफ्यावर छाती टेकून तो पाण्यात उभा होता.

अंबाझरी-फुटाळ्यासारख्या मोठ्या तलावांपुढे आमचा तलाव म्हणजे धाकटं भावंड. पावसाळ्यात टेकडीवरचा नाला त्याला तुडुंब भरी. उन्हाळ्यात तो इतका आटे की त्याच्यापेक्षा म्हशीच ओल्या दिसत. पण तळाचा काळा गाळ शिंगाड्याच्या वेलांना मानवे आणि त्यावर या ढिवराचं, म्हणजे मासेमाऱ्याचं, घर चाले. चंद्रभान तोडी, बायको रंभाबाई उकडून इतवारीच्या बाजारात विके.

रंभाबाईची जीभ शिंगाड्यासारखीच, दोन्ही बाजूंनी काटे असलेली. एकदा ती म्हणाली, "पोट्टे लग्नाले आले जी, पण मले कधी एक फूल आणलं काय?"

चंद्रभानला ते लागलं. कुही गावी साळ्याकडे गेला असताना तिथल्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, त्याला तरंगती जांभळी फुलं दिसली. पाण्यातल्या माणसानं पाण्यातलंच फूल द्यावं, असं ठरवून त्याने एक रोप डब्यात घातलं, एसटीत मांडीवर धरून आणलं आणि तलावाच्या कोपऱ्यात सोडलं. रंभाबाई लाजली. वस्तीने हा चमत्कार त्या एकदाच पाहिला.

पुढच्या दसऱ्यापर्यंत अर्धा तलाव जांभळा झाला. रोप जलपर्णीचं होतं. तिच्या पानांखाली शिंगाड्याच्या वेलांना ऊन मिळेना. चंद्रभान वाट काढायला मडकी घेऊन आत शिरला आणि मधोमध अडकला.

"अवं, दोर फेक वं!"

"फुलाईचाच वळा दोर!" काठावरून रंभाबाई ओरडली. "बसा आता बगीच्यात!"

शेवटी तीच लुगडं खोचून पाण्यात उतरली. मागोमाग सगळी वस्ती. आठवडाभर आम्ही जलपर्णी ओढत होतो. माझी एक चप्पल अजून त्या गाळात आहे. तलाव मोकळा झाला, वेलांवर पुन्हा ऊन पडलं. उरलं कोपऱ्यातलं एकच रोप. चंद्रभानने ते उपटायला हात घातला.

"थे राहू द्या जी," रंभाबाई हळूच म्हणाली. "माह्यं हाय थे."

चंद्रभानने हात मागे घेतला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर शिट्टीही मारली.

दोन वर्षांत तलाव काठोकाठ जलपर्णीने भरला आणि शिंगाडे कायमचे संपले. चंद्रभान ती उपसायला महापालिकेच्या रोजंदारीवर लागला आणि म्हातारा होईपर्यंत तेच काम करत राहिला.